व्रत, औषध आणि प्रमाण

आषाढ शुद्ध एकादशीला चातुर्मासाचा आरंभ होतो आणि महाराष्ट्रातील भाविक घरांतून नेमधर्मांची उजळणी सुरू होते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यनगरीतील मुक्काम आटोपून पंढरीला पोहोचलेल्या असतात. ज्यांना वारी घडली नाही ते घरी राहून काही ना काही नेम धरतात. कोणी एकभुक्त राहतो, कोणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी दोन्ही एकादश्या निर्जळी करण्याचा संकल्प सोडतो. जुन्या घरांतून आजही श्रावणात शाकभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करण्याचे चातुर्मास्यव्रत चालते. जिभेवर ताबा मिळविण्याचा हा अभ्यास पूर्वजांनी मोठ्या विचाराने घालून दिला आहे, यात शंका नाही.

कीर्तन संपून आरती झाली, बुक्का लावून झाला, की श्रोत्यांपैकी काही मंडळी जवळ येऊन बसतात. अलीकडे त्यांच्या प्रश्नांत अध्यात्माच्या जोडीला मधुमेहही असतो. “बुवा, एकादशीला साखरेची गोळी घेतली तर उपवास मोडतो का?” हा एक प्रश्न. “अमक्या रसाने मधुमेह समूळ जातो म्हणतात, मग डॉक्टरांचे औषध सोडावे का?” हा दुसरा. पहिला प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, दुसरा प्रमाणशास्त्राचा. दोहोंमध्येही माणसाच्या जिवाचा संबंध येतो, म्हणून त्यांची उत्तरे आडपडदा न ठेवता दिली पाहिजेत.

औषधाने व्रतभंग होत नाही

धर्मशास्त्रकार आपण समजतो तितके कठोर नव्हते. एकादशीच्या उपवासाचा अधिकार सांगताना त्यांनी वयाची मर्यादा घातली: आठ वर्षांच्या पुढील आणि ऐंशी वर्षांच्या आतील. ज्याला निराहार सोसत नाही त्याला नक्तभोजन, हविष्यान्न, फलाहार, दूध असे उतरत्या क्रमाने पर्याय दिले. तेही न साधल्यास पुत्राने किंवा पत्नीने प्रतिनिधी म्हणून व्रत करावे, अशीही सोय ठेवली. आणि कोणत्या गोष्टींनी व्रत मोडत नाही याची जी यादी निबंधकारांनी प्रमाण मानली, तीत पाणी, मूळ, फळ, दूध यांच्या पंक्तीला औषधाचे नाव स्पष्टपणे घातले आहे. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके ग्रंथांत लिहून ठेवलेले आहे. गोळी घेतल्याने पुण्य उणावत नाही.

आता वैद्यक काय सांगते ते पाहू. मधुमेहाची सर्व औषधे एका जातीची नाहीत. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांसारखी गोळी, अथवा इन्सुलिनचे इंजेक्शन घेऊन मनुष्य निराहार राहिला, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, भोवळ येते, प्रसंगी शुद्ध हरपते. उलट कोणी औषध बंद करून दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या गोड फोडी खाल्ल्या, तर साखर नको तितकी चढते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. म्हणून मधुमेही माणसाने उपवासाचा नेम धरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून त्या दिवसाची मात्रा आणि वेळ ठरवून घ्यावी. अशी साखर उतरू लागल्यास उपवास तेथेच सोडून साखरपाणी घ्यावे. शास्त्राने प्रतिनिधीची सोय ठेवली आहे ती अशाच प्रसंगासाठी.

एका प्रकारच्या रुग्णाबाबत तर कोणतीही तडजोड नाही. ज्या मुलांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन मुळीच पाझरत नाही, त्यांनी ते बाहेरून घेतलेच पाहिजे. १९२२ पूर्वी अशा मुलांवर वैद्यकाजवळ एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. अन्न कमी कमी करीत नेल्याने मृत्यू काही महिने लांबत असे, आणि ती लेकरे हाडांचा सापळा होऊन डोळे मिटत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले, आणि मरणाच्या दारातून तो परत फिरला. ज्या रोगात उपवासाने कोणी वाचले नाही आणि या एका द्रव्याने लक्षावधी वाचले, त्या रोगात नवसापोटी इन्सुलिन थांबविणे ही भक्ती नव्हे. काही दिवसांतच ते जिवावर बेतते.

काकतालीय न्याय

दुसरा प्रश्न अधिक बारकाईचा आहे. कोणी सांगतो, “मी कारल्याचा रस घेतला आणि साखर उतरली.” तो खोटे बोलत नसतो. पण आपल्या शास्त्रकारांनी एक मार्मिक न्याय सांगून ठेवला आहे. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली. पाहणाऱ्याला वाटले, कावळ्यानेच फळ पाडले. रस घेणाऱ्याने त्याच महिन्यात मिठाई सोडली असेल, पहाटे पर्वतीवर जाऊ लागला असेल, डॉक्टरांची गोळीही चालू असेल. मग साखर कोणी उतरवली, कारल्याने की पर्वतीच्या पायऱ्यांनी?

याचा निर्णय करण्याची रीत न्यायशास्त्राने दिली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असते, आणि ते नसताना हे नसते, अशी दोन्ही बाजूंनी खात्री पटली की कार्यकारणभाव मानावा. चरकाचार्यांनीही आप्तवचनाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार कसोट्या सांगितल्या. केवळ आप्तवचनावर ते थांबले नाहीत. आधुनिक वैद्यकातील चाचणी म्हणजे हाच अन्वय-व्यतिरेक, मोठ्या प्रमाणावर आणि मोजमापाने केलेला. सारख्या स्थितीतील शेकडो माणसे घेतात, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडतात, एकाला औषध आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य देतात. कोणाला काय दिले हे रुग्णाला आणि शक्यतो तपासणाऱ्यालाही कळू देत नाहीत. अखेरीस दोन्ही गटांची तुलना करतात. चिठ्ठ्यांमुळे कावळ्याचा दोष निघून जातो.

या कसोटीवर कारले कोठे उतरते? २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्या गोळा करून तपासल्या. हाती लागल्या चार, एकूण माणसे ४७९, आणि कोणतीही चाचणी तीन महिन्यांपलीकडे गेलेली नाही. निष्कर्ष असा की मधुमेहावर कारले गुणकारी आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही. याचा अर्थ कारले वाईट असा नव्हे. भाजी म्हणून ते अवश्य खावे. त्याच्या भरवशावर औषध सोडू नये, एवढेच.

अन्वय-व्यतिरेकाचे एक सुबोध उदाहरण हिमाचलातील कांगडा खोऱ्याचे आहे. तेथे घरोघर गलगंडाचे रुग्ण होते. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे विभाग पाडून काही विभागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका विभागात साधे मीठ पुरविले. काही वर्षांत आयोडीन मिळालेल्या विभागांत गलगंड स्पष्टपणे कमी झाला, साध्या मिठाच्या विभागात झाला नाही. त्यावरूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. उपवासाला आपण सैंधव वापरतो, त्यात सहसा आयोडीन घातलेले नसते. एकादशीपुरते सैंधव ठीक आहे. परंतु पवित्र म्हणून ते बारा महिने, विशेषतः गर्भिणीच्या जेवणात, वापरू नये. गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या अवटू ग्रंथीवर आणि ती ग्रंथी आयोडीनवर अवलंबून असते.

सुश्रुतांचे चालणे

मधुमेह आपल्या वैद्यांना नवा नव्हता. चरकांनी प्रमेहाची कारणे सांगताना सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतली. सुश्रुतांनी प्रमेहाचे दोन भेद केले: जन्मजात आणि अपथ्यामुळे झालेला, पहिल्याचा रुग्ण कृश, दुसऱ्याचा स्थूल. निर्धन रुग्णाला त्यांनी सांगितलेला उपचार वारकऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत मुनीप्रमाणे शंभर योजने चालावे; नाहीतर गाईंच्या मागे हिंडावे किंवा विहीर खणावी. अनवाणी चालण्याचा भाग मात्र आज गाळावा लागेल. मधुमेहात पायाची संवेदना मंदावते आणि काट्याची जखम कळत नाही, म्हणून मधुमेही वारकऱ्याने पायांत वहाणा घालूनच चालावे.

चालण्याने मधुमेह टळतो हे आप्तवचन कसोटीला लावले गेले ते चेन्नईत. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३१ जण घेऊन चार गट केले. पहिल्याला नेहमीचाच सल्ला, दुसऱ्याला आहारनियमन आणि रोज अर्धा तास झपाट्याने चालणे, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, चालणाऱ्या गटात ३९.३ टक्क्यांना, गोळीच्या गटात ४०.५ टक्क्यांना, दोन्ही घेणाऱ्यांत ३९.५ टक्क्यांना. म्हणजे चालणे आणि पथ्य गोळीच्या तोडीस उतरले. तरीही चालणाऱ्यांपैकी शंभरात एकोणचाळीस जणांना रोग झालाच, हे विसरू नये. रोग टाळण्याचा हा मार्ग आहे. रोग जडल्यावर औषध टाकण्याची सबब नव्हे.

पुण्याने जगाला दाखविलेले

आता आपल्या शहरात येऊ. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मधुमेहाच्या मुळाचा जो शोध घेतला, तो आज जगभरच्या वैद्यकात अभ्यासला जातो. त्यांना कोडे असे पडले की आपली माणसे पाश्चात्त्यांसारखी लठ्ठ नसताना मधुमेही कशी होतात? २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी आपलीच शरीरे पुराव्यादाखल मांडली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के.

हा फरक येतो कोठून, हे पाहण्यासाठी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू झाला. गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांची नोंद ठेवून त्यांच्या सातशेहून अधिक बालकांचा मागोवा घेतला गेला. ही बालके जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आत, इंग्लंडमधील बालकांपेक्षा पुष्कळ हलकी होती. पण काटकपणा स्नायूंत दिसला, चरबीत नव्हे. कृश दिसणाऱ्या त्या बाळांच्या अंगी चरबी मात्र टिकून होती. ज्या मातांच्या जेवणात पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा असे, त्यांची बाळे भरदार होती. आणि सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व उणे आढळले.

येथे शाकाहारी घरांनी कान टवकारावेत. ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते सूक्ष्म जंतू घडवितात आणि आपल्याला प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहाऱ्याला त्याचा भरवशाचा आधार दूध, दही, ताक एवढाच. दूध घेतल्याने तरुण शाकाहाऱ्यांची ब-१२ पातळी सुधारते, हे २०१३ साली पुण्यातीलच एका चाचणीने दाखविले. त्याआधी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या पाहणीत ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ही उणीव होती. खेड्यांपेक्षा आणि झोपडपट्टीपेक्षा ती सुखवस्तू शहरी मध्यमवर्गात अधिक, म्हणजे ८१ टक्के होती. शाकाहाऱ्यांना हा धोका ४.४ पट होता. या उणिवेने थकवा येतो, जीभ सोलवटते, तळपायांना मुंग्या येतात, विस्मरण होते. आणि म्हातारपण म्हणून आपण ते सोडून देतो.

२००८ साली पुण्याच्या गटाने आणखी एक निरीक्षण मांडले. ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण ब-१२ उणे होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक होती. फोलेटला येथे दोष देऊ नये. त्याची महती कळण्याचा एक धागा आपल्या मुंबईतूनच निघाला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गर्भिणींच्या पंडुरोगावर यीस्टच्या अर्काने गुण येतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले; त्या अर्कातील द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. १९९१ च्या मोठ्या चाचणीने तर सिद्ध केले की ज्या मातांना पूर्वी पाठीच्या कण्यात दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक आम्ल घेतल्यास तो दोष पुन्हा होण्याचा संभव ७२ टक्क्यांनी घटतो. म्हणून गर्भिणीने ती गोळी सोडू नये. शाकाहारी असल्यास जोडीला ब-१२ तपासून घ्यावे.

संशयापासून निर्णयापर्यंत

पालेभाजी खाणाऱ्या मातांची बाळे भरदार असतात, हे निरीक्षण झाले. पालेभाजीनेच ती भरदार होतात, हे सिद्ध झाले नाही. येथेही कावळा आणि ताड असू शकतो. म्हणून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ६,५०० हून अधिक स्त्रियांवर चिठ्ठ्यांच्या रीतीने चाचणी झाली. एका गटाला पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ, दुसऱ्याला तसाच पण त्यांचा अंश अत्यल्प असलेला. २०१४ साली निष्कर्ष आले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात भरवशाचा फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार होती. आणि २०१६ च्या अहवालानुसार गरोदरपणातील मधुमेह साध्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के आढळला. अपेक्षा होती एका लाभाची, ठळकपणे हाती आला दुसराच. खऱ्या चाचणीची हीच खूण की ती आपल्या मनाजोगते उत्तर देण्यास बांधलेली नसते.

पुण्यातही पुढचे पाऊल पडले. त्या सहा खेड्यांतील बालके किशोरवयात आली तेव्हा, २०१२ पासून, साडेपाचशेहून अधिक मुला-मुलींना गटवार ब-१२ च्या रोज २ मायक्रोग्रॅम, ब-१२ सह इतर सूक्ष्म पोषके, किंवा निर्गुण गोळी देण्यात आली. त्यांतील मुली माता झाल्या. ब-१२ घेतलेल्या मातांची बालके दोन वर्षांची असता बुद्धी आणि भाषेच्या मोजमापात सरस आढळली, असा अहवाल २०२१ साली आला. बालकांची संख्या लहान आहे, म्हणून अंतिम शब्द म्हणता येणार नाही. पण लग्नाआधीच मुलीच्या पोषणाकडे पाहावे, एवढी दिशा त्यातून निश्चित मिळते. लेकीला शेवटी जेवायला बसविणारी घरे अजून पुष्कळ आहेत. त्यांनी याचा विचार करावा.

घरातील नेम

आता हे सारे चातुर्मासाला लावून पाहू. श्रावणात शाक, भाद्रपदात दही, आश्विनात दूध सोडायचे, तर शाकाहारी माणूस पालेभाजीला आणि ब-१२ च्या आधाराला ओळीने पारखा होतो. निरोगी माणसाला ते सोसेल, कारण ब-१२ चा साठा यकृतात दीर्घकाळ टिकतो. पण ज्याचा साठा आधीच रिता आहे त्याचे काय? गर्भिणीने, लग्नाच्या वयाच्या मुलीने, साठी उलटलेल्यांनी आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी दूध-दही सोडू नये, अथवा सोडल्यास डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी सुरू करावी. मेटफॉर्मिन हे पुराव्याच्या कसोटीला उतरलेले उत्तम औषध आहे, परंतु दीर्घकाळ घेतल्यास ते ब-१२ चे शोषण कमी करते, हेही त्याच कसोटीने दाखविले आहे. अशांनी वर्षा-दोन वर्षांनी रक्त तपासावे. इडली-ढोकळ्याच्या आंबवणावर किंवा शेवाळाच्या गोळ्यांवर ब-१२ साठी विसंबू नये.

व्रत सोडा असे मी म्हणत नाही. साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, ताक, फळे असा बेत ठेवावा. पंढरीची वाट घडत नसेल तर पर्वतीची किंवा तळजाईची धरावी. नवे औषध कोणी सुचविले, तर विनयाने तीन प्रश्न विचारावेत: किती माणसांवर पाहिले, कोणाशी तुलना केली, आणि किती दिवस? सांगणारा बुवा असो, वैद्य असो की डॉक्टर, या प्रश्नांचा राग त्याला येता कामा नये.

घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर त्यांच्या वेळेआधी आरती आटोपावी. गोळी देवाच्या तीर्थाबरोबर घेतली तरी चालेल. पण वेळेवर घ्यावी.